आमच्या आजोबांना रंगवू नका

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सभासद,
सैनिक स्मारक समिती,
मुक्काम आपलंच गाव, तालुका खटाव, जिल्हा सातारा

स. न. वि. वि.

समितीचा निरोप मला थेट आला नाही. माहेरवाशिणींना असले निरोप येत नसतात. तो भावाच्या फोनवर आला, भावानं वहिनीला दाखवला आणि वहिनीनं मला पाठवला. जुन्या चावडीत ‘वीर आजोबा दालन’ होणार, दोन्ही महायुद्धांत लढायला गेलेल्या गावच्या माणसांचे फोटो लागणार, म्हणून प्रत्येक घरानं ‘ओरिजनल फोटो’ दसऱ्याच्या आत शाळेत जमा करावा. समिती तो ‘कॉम्प्युटरवर साफ करून, कलर करून, एकसारख्या फ्रेममध्ये’ लावेल. खाली टीप आहे : शहीद आणि पदकविजेते यांना प्राधान्य.

कल्पना चांगली आहे, हे आधीच सांगते. गळकी चावडी दुरुस्त झाली, कोबा झाला, आता तिथं पत्त्यांऐवजी काही बरं मांडलं जाणार याचा मला आनंदच आहे. पण आमच्या आबांचा फोटो मी जमा करू देणार नाही. तुमच्यातले निम्मे मला आक्का म्हणतात, उरलेल्यांना मी दादा-आण्णा म्हणते. फोनवर बोलले असते तर ‘आक्का, बघू की’ म्हणून विषय संपला असता. म्हणून सगळ्या गावाला वाचता येईल असं लिहितेय.

आबांचा फोटो आमच्या माजघरात देवळीच्या वर खिळ्याला आहे. पोस्टकार्डाएवढा असेल. भरती झाल्यावर बेळगावात काढलेला. मागं रंगवलेला पडदा, पडद्यावर खांब आणि जिना, जिना कुठंच जात नाही. बाजूला तीन पायांचं टेबल, त्यावर कागदी फुलं. आबांनी गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी घातलीय, नडगीला पट्ट्या गुंडाळल्यात (हा शब्द साहेबानं आपल्याकडनंच नेला आणि त्याचं ‘पटीज’ केलं), आणि बूट बघताक्षणी कळतं की मापाचे नाहीत. खांद्यावर पितळी अक्षरं आहेत. भिंग लावलं की ‘मराठा’ एवढं लागतं. चेहऱ्यावर शौर्य वगैरे काही नाही. एकोणीस वर्षांचा पोरगा आहे आणि कॅमेऱ्याला दबकलाय. दर सर्वपित्रीला आई काचेवर, बरोबर कपाळाच्या जागी, गंधाचं बोट लावते. काच कितीही पुसली तरी तिथं तांबूस डाग राहिलाय.

मागच्या यात्रेत चुलतभावानं याच फोटोचा फ्लेक्स करून घेतला. फ्लेक्सवाल्या पोरानं मनापासून काम केलं असणार, त्याला मी दोष देत नाही. पडदा गेला आणि त्या जागी तिरंगा फडकला, १९४० साली. खाकी चड्डी जाऊन आताच्या लष्कराचा हिरवा ठिपक्यांचा गणवेश आला. खांद्यावरची अक्षरं डाग समजून पुसली गेली. आबांना त्या फोटोत मिशी नाही, ती आली, चांगली पीळ दिलेली. डोळे मोठे झाले. खाली लिहिलं, ‘शूर सुभेदार, ब्रह्मदेशच्या रणांगणातला वाघ’. देवळाकडं जाताना आई फ्लेक्ससमोर थांबली, जरा वेळ बघत राहिली आणि मला म्हणाली, “कुणाचं गं पाव्हणं हे?”

हसू आलं तेव्हा. नंतर रात्रभर झोप लागली नाही.

आबा सुभेदार नव्हते. लढाईनंतर काढलेल्या दुसऱ्या फोटोत त्यांच्या दंडावर दोन फिती आहेत, म्हणजे नाईक. हवालदाराला तीन असतात. आपल्या गावात फोटो जितका जुना तितका हुद्दा मोठा होत जातो. माझ्या लहानपणी जे हवालदार होते ते आता सगळे सुभेदार झालेत, आणखी वीस वर्षांनी मेजरसाहेब होतील. आणि ब्रह्मदेशाचं म्हणाल, तर आबांनी ब्रह्मदेश पाहिलासुद्धा नाही.

हे मला कसं कळलं ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या सगळ्या बेतावरचा माझा आक्षेप त्यातच आहे.

घरात सगळे ब्रह्मदेशच म्हणायचे. गावातले बरेच जण तिकडं गेले होते, त्यांच्या गोष्टी पारावर चालायच्या, त्यात आबाही ओढले गेले. आबा स्वतः काही बोलायचे नाहीत. आजी मात्र म्हणायची, “त्यास्नी तोबऱ्यात धरलं.” आम्हाला तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी. धरलं म्हणजे तोंड दाबून धरलं असेल, अशी आमची समजूत. शिवाय आबा लढाईत ‘पाने’ खाऊन राहिले, हेही घरात प्रसिद्ध होतं. ब्रह्मदेशातलं जंगल, तिथं दुसरं काय मिळणार, पानं खाल्ली असतील. चुलते तर सांगायचे की कुठल्या झाडाची पानं खावीत हे आबांना माहीत होतं म्हणून ते वाचले.

आबा १९८९ साली गेले. त्यांची पत्र्याची पेटी पुढं किती वर्षं कुणी उघडलीच नाही. उघडली तेव्हा बिडीच्या डबीत तीन पदकं निघाली. दोन सहा टोकांच्या पितळी चांदण्या आणि एक गोल नाणं, त्यावर दोन तोंडांच्या राक्षसावर उभा असलेला सिंह. एका चांदणीला फितीचा तुकडा शिल्लक होता. वाळूच्या रंगाची फीत, मधोमध रुंद तांबडा पट्टा, एका बाजूला गडद निळी रेघ, दुसऱ्या बाजूला फिकी निळी. हा आफ्रिका स्टार. वाळू म्हणजे वाळवंट, तीन रेघा म्हणजे पायदळ, आरमार आणि विमानदळ. ब्रह्मदेशच्या स्टारची फीत निराळी : मधे तांबडा, दोन्हीकडं निळा आणि निळ्याच्या पोटात केशरी रेघ. चांदणीच्या पाठीवर नंबर, नाव आणि पलटणीची आद्याक्षरं ठोकलेली होती. हिंदी शिपायांच्या पदकांवर ती ठोकत असत. ब्रिटनमधल्या गोऱ्यांच्या त्या लढाईच्या पदकांवर नसायची. तेवढ्या एका बाबतीत आपली माणसं वरचढ ठरली.

पेटीच्या तळाला आणखी एक फोटो होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. पंचवीस-तीस माणसं, मागं तार आणि त्यामागं बर्फ असलेला डोंगर. समोरून बघितलं तर ही माणसं कोण, कुठली, काही कळत नाही. पाठीवर मात्र एक गोल शिक्का आहे, ‘पी. जी. ९१’, आणि पेन्सिलीनं दोन ओळी मोडीत. मोडी वाचणारे एक गुरुजी पुण्यात भेटले. त्यांनी वाचून दाखवलं : ‘सर्व खुशाल आहोत. आवजान.’

पी. जी. म्हणजे इटालियन भाषेत युद्धकैदी. ९१ नंबरची छावणी आवेझ्झानोला होती, रोमच्या पूर्वेला अब्रुझ्झोच्या डोंगरात, आणि तिथं हिंदी कैदी ठेवले जात. आवजान म्हणजे ते. आजीचा तोबरा म्हणजे तोब्रुक, आफ्रिकेतल्या लिबियाचं बंदर. २१ जून १९४२ रोजी तोब्रुक पडलं तेव्हा तीसेक हजारांवर माणसं जर्मन सेनापती रोमेलच्या हाती लागली. त्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन होती, तीच ‘काळी पाचवी’. आणि पाने? इटालियनमध्ये पावाला ‘पाने’ म्हणतात. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीनं शरणागती पत्करल्यावर कितीतरी कैदी छावणीतून निसटून डोंगरात शिरले. तिथल्या शेतकऱ्यांनी, स्वतःच्या जिवाला धोका असताना, त्यांना गोठ्यांत लपवलं आणि भाकरतुकडा घातला. पुढच्या उन्हाळ्यात दोस्त सैन्य तिथवर पोचेपर्यंत आबा तसेच राहिले. म्हणजे ते झाडाची पानं खाऊन जगले नव्हते. परक्या मुलखातल्या एका बाईनं थापलेल्या पावावर जगले होते. आमच्या घरातल्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट मला शंभर पटीनं बरी वाटते.

आता सांगा, हा छावणीतला फोटो तुम्ही ‘साफ’ केला असता तर? तार काढली असती, कारण तार बरी दिसत नाही. बर्फाचा डोंगर काढून तिथं किल्ला ठेवला असता. आणि पाठ तर फ्रेमच्या पुठ्ठ्याला फेविकॉलनं चिकटलीच असती.

म्हणून माझी पहिली विनंती : फोटोची पाठ आधी बघा. स्टुडिओचा शिक्का, कैरो किंवा हैफाचं नाव, पेन्सिलीचा नंबर, मोडीतली ओळ, काहीही असू शकतं. पलटणीत रोमन लिपीत हिंदुस्थानी लिहायला शिकवत, तसंही काही असेल, ते इंग्रजी नाही म्हणून सोडून देऊ नका. मूळ फोटो घरातून नेऊन शाळेच्या कपाटात ठेवू नका. त्या कपाटाला वाळवी आहे, मी त्या शाळेत शिकलेय. स्कॅनर चावडीत आणा, फोटोच्या दोन्ही बाजू स्कॅन करा आणि माणूस चहा पिऊन होईस्तोवर त्याचा फोटो त्याच्या हातात परत द्या. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा. ओल्या फडक्यानं पुसू नका. रंगीत प्रत कुणाला घरी हवीच असेल तर जरूर करून द्या, पण दालनात मूळ जसा आहे तसा लागू दे, चिरा आणि गंधाच्या डागासकट.

दुसरा मुद्दा तुमच्या त्या टिपेचा. शहीद आणि पदकविजेते यांना प्राधान्य.

पदकं आबांना तीन मिळाली, पण त्यातलं एकही शौर्याचं नाही. त्या लढाईत ठरावीक काळ, ठरावीक मुलखात हजर असणाऱ्या प्रत्येकाला ती मिळाली. शौर्याचं पदक वेगळं. ते काय असतं हे बघायचं असेल तर रायगडच्या पळसगावचे यशवंत घाडगे आहेत, अहिल्यानगर (आधीच्या नगर) जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव आहेत. दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, दोघांचीही लढाई इटलीतली. घाडगे १० जुलै १९४४ ला तिथंच पडले. जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन पाण्यातून अलीकडं आणलं. ही माणसं शूर होती असं म्हणायचं असेल तर बाकी सगळ्या गावालाही ‘शूर वीर’ म्हणून त्या शब्दातली हवा काढू नये.

आबा धरले गेले होते. हे कुणी दालनात लिहील का? घरातसुद्धा ते हळू आवाजात बोललं जायचं. आजीकडं आधी ‘बेपत्ता’ असा कागद आला. पोस्टमननं तो वाचला आणि सायकल तिथंच टाकून पणजोबांना बोलवायला मळ्यात गेला. त्यानंतर सात-आठ महिने घरात एकच वाद, सुनेनं कुंकू पुसायचं की नाही. भाऊबंद म्हणत होते पुसा, दिवस घाला. पणजी म्हणाली, “कागदात मेला असं लिवलंय का? मग माझ्या दारात कुणी ह्ये बोलायचं न्हाई.” शेवटी रेड क्रॉसमार्फत एक कार्ड आलं, छापील, खाली आबांची सही. आजी तेव्हा अठरा वर्षांची होती. ते कार्ड तिनं उतरंडीच्या मडक्यात ठेवलं आणि मडकं फुटलं तेव्हा ते उंदरांनी खाल्लेलं होतं. मनीऑर्डरची कुपनं मात्र तारेत ओवून ठेवलेली, ती अजून आहेत. त्या तारेला तुमच्या दालनात जागा आहे का? कारण पगारातला जो हिस्सा आबांनी घरी लावला होता, त्यावरच आमच्या घराची चूल जळत होती. खटाव-माणात पाऊस किती पडतो हे तुम्हाला मी सांगायला नको. पोरं पलटणीत का गेली, याचं अर्धं उत्तर त्या पावसात आहे.

हे लिहितेय कारण गावातल्याच एका पोरानं फोनवर समितीला टोमणा मारलेला वाचला, ‘इंग्रजांच्या नोकरांचं कसलं स्मारक?’ त्यावर तुमच्यातल्या दोघांनी त्याला शिव्या घातल्या. शिव्यांनी उत्तर होत नाही, म्हणून आमच्या घरातलं सांगते. आबा इटलीत तारेमागं होते, त्या काळात त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, आमचे नाना, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची कामं करत होते. निरोप पोचवायचे, रात्री उसातून भाकरी न्यायचे. १९४३ पासून तीन वर्षं साताऱ्यात इंग्रजांचं राज्य किती आणि पत्रीसरकारचं किती, हे गावोगाव वेगळं होतं. आताच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होता, कुंडलची माणसं आपल्या ओढ्यापर्यंत यायची. एक भाऊ राजाच्या पगारावर, दुसरा राजाच्या विरोधात, आणि दोघांच्या भाकरीचं पीठ एकाच मनीऑर्डरीतलं. पोलीस झडतीला यायचे तेव्हा आजी दारात आबांचा तो बेळगावचा फोटो घेऊन उभी राहायची. ‘ह्ये सरकारच्या पलटणीत हाईत,’ म्हणायची. हवालदार सलाम करून निघून जायचा आणि नाना मागच्या परड्यात कडब्याच्या गंजीत बसलेले असायचे.

नानांचा त्या काळातला एकही फोटो नाही. असणार कसा? जो पोलिसांपासून लपतोय तो स्टुडिओत जाऊन पडद्यासमोर उभा राहत नाही. त्यांचा एकमेव फोटो म्हातारपणी रेशनकार्डासाठी काढलेला. तुमच्या दालनात आबा असतील आणि नाना नसतील तर त्या फोटोची गोष्ट अर्धीच राहील.

फोटो नसण्यावरून आणखी एक. तुम्ही ‘प्रत्येक घरानं’ म्हणालात. निरोप किती घरांना गेला? ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या घरांना गेला का? त्यांचे नातू आता घाटकोपरला, पिंपरीला आहेत. त्यांच्या फोनवर आपल्या गावचा निरोप जात नाही हे मला माहीत आहे, कारण त्यातली एक जण माझी शाळेतली मैत्रीण आहे आणि तिला मीच हे सांगितलं. महारांची पलटणीतली भरती सरकारनं १८९२ च्या सुमाराला बंद केली. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या ते सैन्यात होते. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी पलटणीतले, वडील रामजी सुभेदार. पहिल्या लढाईत माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, लढाई संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. दुसऱ्या लढाईत पुन्हा गरज पडली तेव्हा १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. ही माणसं आपल्याही गावातून गेली. शिवाय बंदूक न घेता गेलेले निराळेच : खेचरं हाकणारे, पाणी भरणारे, स्वयंपाकी, धोबी, न्हावी, रस्ते खोदणारे. पलटणीच्या भाषेत ‘फॉलोअर’. पहिल्या लढाईचं पदक शिपायाला चांदीचं आणि या लोकांना काशाचं मिळालं. चांदीची पदकं दुष्काळात सोनाराकडं जाऊन आटली, काशाचं कुणी घेईना म्हणून कुठं कुठं ती अजून पेट्यांत पडून असतील. मागून तरी बघा. ज्यांचा फोटो नाही त्यांच्यासाठी तेवढ्याच मापाची रिकामी फ्रेम लावा आणि खाली नाव लिहा.

नावावरून चावडीच्या भिंतीतला दगड आठवला. तुम्ही रोज त्याला टेकून बसता. त्यावर इंग्रजीत कोरलंय की १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतकी माणसं गेली आणि त्यातली इतकी प्राणाला मुकली. साताऱ्यात, कोकणात, पंजाबात, ज्या गावांनी माणसं दिली तिथं असे दगड बसवले गेले. त्यावर दोन आकडे आहेत, नाव एकही नाही. आणि आपल्या दगडावर ग्रामपंचायतीनं इतक्यांदा ऑइलपेंट मारलाय की दुसरा आकडा भरून गेलाय. किती गेले हे वाचता येतं, किती आले नाहीत हे येत नाही. दालनाला खर्च करायच्या आधी पाचशे रुपये देऊन कुणाकडून तरी तो रंग जपून खरवडून घ्या. छिन्नी लावू नका.

त्या माणसांपैकी बरीच बसऱ्याकडं गेली असणार. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आताच्या इराकमधल्या, कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला अन्न संपल्यावर शरणागती झाली आणि कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. बसऱ्याला स्मारक उभं राहिलं त्यावर हिंदी अंमलदारांची नावं कोरली, साध्या शिपायांचे पलटणवार नुसते आकडे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं २०२१ मध्ये स्वतःच चौकशी अहवाल काढून अशा भेदाबद्दल माफी मागितली. किमान १,१६,००० मृतांची नावानं नोंदच झाली नाही, मुख्यतः आफ्रिकेतल्या, असं त्यात कबूल केलंय. शिपायांची जी नावं कागदावर होती ती आता आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, ‘सातारा’ असं असतं. फक्त गावाचं स्पेलिंग साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं. आपल्या गावाची चार-पाच स्पेलिंगं करून बघावी लागतात. शाळेतल्या नववीच्या पोरांना एक दुपार बसवलंत तर होईल.

अपशिंगे मिलिटरीचं नाव सगळ्या देशाला माहीत आहे. त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धातून परतले नाहीत. तिथं स्मारक आहे, पाहुणे येतात, टीव्हीवाले येतात. आपल्याकडं रणगाडा आणायचा तुमचा विचार असल्याचंही ऐकलं. आणा बापडे, पोरं चढून खेळतील. पण आधी यादी करा. पंजाब सरकारनं लढाई संपताच गाववार नोंदवह्या केल्या होत्या, कोण गेला, कुठं गेला, काय झालं. सुमारे ३,२०,००० माणसांच्या त्या वह्या लाहोरच्या वस्तुसंग्रहालयात शंभर वर्षं पडून होत्या, आणि आता त्यातल्या काही जिल्ह्यांच्या कुणालाही घरबसल्या बघता येतात. जालंधरकडचा माणूस आपल्या पणजोबाचं नाव पाच मिनिटांत काढतो. आपल्याला ते दारोदार फिरून करावं लागणार आहे.

सरकारी कागदांवर भिस्त ठेवू नका, हे अनुभवानं सांगते. आबांचा शीट रोल, म्हणजे पलटणीतल्या नोकरीची नोंद, मिळावी म्हणून मी एका कचेरीत दोन वर्षं अर्ज केले. शेवटी तीन ओळींचं उत्तर आलं : मुदत संपल्यामुळं कागदपत्रं नष्ट. पेन्शन न लागलेल्या शिपायाचे कागद पंचवीस वर्षांनी काढून टाकायचा नियमच आहे, आणि लढाईपुरते भरती होऊन १९४५-४६ मध्ये घरी आलेल्या बहुतेकांना पेन्शन नव्हती. त्यामुळं पलटणीतून सुटताना मिळालेलं, घरातलं डिस्चार्ज बुक हाच त्यांचा शेवटचा कागद. ते बहुतेक घरांत सातबाऱ्याच्या पुडक्यात सापडतं. त्यात नंबर, भरतीची तारीख, पलटण, उंची, आणि अंगावरच्या खुणा असतात. आमच्या आबांच्या पुस्तकात ‘डाव्या भुवईवर व्रण’ आहे. फोटोत भिंग लावून बघितला, आहे. फ्लेक्सवर तो नव्हता.

म्हणून प्रत्येक फोटोखाली मजकूर लिहाल तेव्हा कागदावर असलेलं वेगळं आणि घरात सांगतात ते वेगळं लिहा. ‘डिस्चार्ज बुकाप्रमाणे नाईक. घरचे सुभेदार म्हणतात.’ यात कुणाचा अपमान नाही. घरात जे सांगतात तेही टिपून घ्या, चुकीचं असलं तरी. तोबरा आणि पाने हे दोन शब्द आजीनं चुकीचे का होईना, जसेच्या तसे जपले, म्हणून मला वाट सापडली. तिनं ते शहाण्यासारखे ‘दुरुस्त’ केले असते तर मी आजही ब्रह्मदेशातली पानंच चघळत बसले असते. गावात अजून चार-पाच म्हाताऱ्या आहेत ज्यांनी हे नवरे-दीर-सासरे परत आलेले पाहिलेत. त्यांच्याकडं फोटो मागायला जाऊ नका, नुसतं बसायला जा. आणि समितीत एकही बाई नाही. त्यांच्यापुढं बोलायला कोण बसणार आहे ते ठरवा. मला विचारलंत तर मी येईन, पाव्हणी म्हणून नाही.

येत्या शनिवारी मी सकाळच्या गाडीनं येतेय. माझा स्कॅनर पिशवीत घालून आणते, चावडीत वीज असेल एवढं बघा. आबांचे तिन्ही फोटो, पदकांची डबी आणि कुपनांची तार मी स्वतः घेऊन येईन आणि स्वतः परत नेईन. आईला विचारलंय. ती म्हणाली, “न्हे, पर दिवेलागणीच्या आत आण. खिळा रिकामा ठिवू नगंस.”

आपली,
गावची एक लेक